दक्षिणेकडचं छप्पर

आमच्या घराचं मागचं छप्पर दक्षिणेकडे उतरतं. हे घर घेतल्यापासून त्या छपराकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. कौल फुटलं की माणूस बोलवायचा, पन्हळीत पानं साचली की यांनी शिडी लावून काढायची, संपला विषय. आणि गेल्या वर्षापासून आमचे हे रोज सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या अंगणात जातात आणि मान वर करून त्या छपराकडे बघत राहतात, मुलगी बघायला आल्यासारखे. शेजाऱ्यांच्या स्प्रूसच्या झाडाची सावली कुठवर येते, धुराड्याची किती वाजता सरकते, सगळं यांना पाठ. सौर पॅनेल बसवायची आहेत. म्हातारपणी सुचलेलं खूळ.

"दक्षिण छप्पर म्हणजे सोनं आहे अगं," एकदा आत येऊन म्हणाले.

मी म्हटलं, "आपल्यात ती यमाची दिशा. माझी आई दक्षिणेला पाय करून झोपू द्यायची नाही."

"सकाळी सकाळी भलतंसलतं बोलू नकोस," म्हणाले आणि कप विसळायला गेले. कप विसळायचं हे नवीनच. पूर्वी कप जिथे संपेल तिथे राहायचा.

आम्ही जर्मनीत, बॉबलिंगेनला राहतो. यांची सगळी नोकरी इथेच गेली, गाड्यांचे ब्रेक तपासण्यात. मी गावातल्या वाचनालयात होते. आता दोघंही रेंटनर, म्हणजे पेन्शनीतले. दोघांनीही सत्तरी ओलांडली. एकुलती एक मुलगी न्युरेम्बर्गला असते. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जर्मनमध्ये. आम्ही मराठीत विचारायचं, तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, आणि यात काही वेगळं आहे असं आम्हा तिघांना कधी वाटलं नाही.

आता माझं सांगते, म्हणजे मी पॅनेलांचं का एवढं मनाला लावून घेतलं ते कळेल. माझी फुप्फुसं आखडत चालली आहेत. डॉक्टरीणबाईंनी हाताची मूठ हळूहळू मिटून दाखवली, असं होतं म्हणाल्या. पूर्ववत होणार नाही. हळू करायच्या गोळ्या आहेत, त्या मी घेते. शिवाय दिवसरात्र नाकात नळी आणि जिन्याखाली ऑक्सिजनचं मशीन. लांबच लांब नळी आहे, तिच्या टोकाला मी. घरभर फिरता येतं, फक्त दारात नळी अडकली की जागच्या जागी थांबायचं आणि हाक मारायची. मी डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं होतं. त्यांनीही सरळ सांगितलं. फार नाही. जे उरकायचं असेल ते उरकून घ्या.

मला एकच उरकायचं होतं. यांची सोय.

हे घर तीन मजली. तळघरात कपडे धुवायचं यंत्र, वर झोपायची खोली, त्याच्याही वर माळा. यांचे गुडघे कसे आहेत ते मला माहीत आहे. आणि यांचा स्वभाव असा, की एवढ्या वर्षांत गल्लीतली माणसं यांना ओळखतात ती माझा नवरा म्हणून. स्वतःहून कुणाच्या दारात जाणार नाहीत. कुणी घरी बोलावलं तर "या, या, बघू" म्हणतील आणि जाणार नाहीत. जर्मन "या" म्हणजे हो, पण यांच्या तोंडून आलं की त्याचा अर्थ "नाही" असा. असा माणूस या तीन मजल्यांत एकटा राहिला तर महिनाभरात त्याचं बोलणं बंद होईल. म्हणून माझं म्हणणं असं होतं, की घर विकायचं आणि न्युरेम्बर्गला मुलीच्या जवळ तळमजल्यावरचा एक छोटा फ्लॅट घ्यायचा. तोही आत्ता, मी आहे तोवर. पडदे मी लावीन, मसाल्याचे डबे कुठे ते मी दाखवीन, शेजारणीशी ओळख मी करून देईन. मग माझं काय व्हायचं ते होवो.

यावर यांचं उत्तर काय, तर पॅनेल.

"बारा-तेरा वर्षांत पैसे वसूल," मुलीला फोनवर सांगत होते. "मग पुढे वीज फुकट."

फोन स्पीकरवर होता. तिने विचारलं, "पापा, लोन्ट झिश दास नोख?" म्हणजे, आता याचा अजून उपयोग आहे का. वाईट हेतूने नाही विचारलं पोरीने. या देशात असं विचारतात, आणि उत्तरही मिळतं. हे म्हणाले, "गेनाऊ, अगदी तेच काढतोय," आणि तिला छपराचा उतार किती अंशांचा आहे ते सांगायला लागले.

फोन झाल्यावर मी म्हटलं, "बारा वर्षांनी या घरात कोण असणार आहे?"

"वास्तू तथास्तु म्हणते," यांनी मला गप्प केलं.

आता बघा. हा माणूस देवाला हात जोडत नाही. सत्यनारायणाला आम्ही आमच्या मंडळातल्या कुणाकडे गेलो की हे बाहेर उभं राहून गाड्यांवर बोलणार. पण घरात अभद्र बोलायचं नाही, वास्तुपुरुष ऐकत असतो आणि तथास्तु म्हणतो, हे मात्र यांच्या हाडीमाशी खिळलेलं. यांच्या आईकडून आलेलं. "मेलं" हा शब्दसुद्धा मी माहेरून आणला होता, तो यांनी पहिल्या वर्षात बंद करवला. आणि मग अडचण अशी की माणसं तर मरतातच. पुण्याहून फोन यायचे, कधी यांची आत्या, कधी माझा मामा. जेवायला बसलो की कधीतरी सांगावं लागतंच. कुणी सुरू केलं ते आठवत नाही, पण आमच्या घरात वाईट ते सगळं जर्मनमध्ये बोलायची पद्धत पडली. मृत्यू जर्मनमध्ये, कॅन्सर जर्मनमध्ये, कुणाचा घटस्फोट होतोय तर तोही जर्मनमध्ये. बॉबलिंगेनच्या घराच्या वास्तुपुरुषाला जर्मन कळणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. मुलगी कॉलेजात असताना यावर फार हसायची. म्हणायची, तो इथेच जन्मला ना, त्याला उलट मराठीच कळत नसेल. बरोबर होतं तिचं, पण सवय ती सवय.

माझं दुखणं दवाखान्यात जर्मनमध्ये सांगितलं गेलं. आम्ही दोघांनी ऐकलं, पार्किंगचं तिकीट भरलं, घरी आलो. त्यानंतर त्यातला एक शब्दही यांनी कुठल्याच भाषेत उच्चारला नाही. मशीनचं मात्र काय काय केलं. ते घरघरतं म्हणून त्याच्याखाली रबराचे तुकडे कापून बसवले. नळी जिन्याच्या कठड्याला अडकू नये म्हणून लाकडी खुंट्या गोल घासून लावल्या. मागचा फिल्टर धुण्याचा दिवस चुकवत नाहीत. आणि संध्याकाळी देवापुढचा दिवाही आता हेच लावतात, कारण ऑक्सिजन असलेल्या माणसाने ज्योतीजवळ जायचं नाही. मी बैठकीच्या खोलीत लांब बसते आणि स्वयंपाकघरातल्या कोनाड्यापुढे आमचे हे वात सारखी करतात, कधी नव्हे ते. लावून झालं की वळून माझ्याकडे बघतात, झालं का बरोबर म्हणून. मी मान हलवते. हे सगळं करतील, पण "का" म्हणून विचारलं की घोडं पेंड खातं.

मी खूप प्रयत्न केले. गोडीने सांगितलं, चिडून सांगितलं. न्युरेम्बर्गच्या एका फ्लॅटचे फोटो मुलीने पाठवले होते, छान होता, मागे थोडी बाग. मी फोन यांच्यासमोर धरला. यांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाले, "उत्तरेकडे तोंड आहे. ऊन नाही." मी म्हटलं, "तुम्हाला उन्हाचं काय करायचंय? पापड वाळवायचेत?" हसले. मी पण हसले, मग खोकला आला, मग ते पाणी आणायला पळाले, आणि तो विषय तिथेच राहिला. असं दर वेळी व्हायचं. भांडायला दम लागतो, आणि तोच माझ्याकडे उरलेला नाही. निम्मं वाक्य झालं की छाती भरून येते. समोरचा माणूस तोवर पाणी घेऊन उभा असतो, त्याच्याशी काय भांडणार. मला रडू यायचं ते दुखण्याचं नाही, या माणसापुढे काही चालत नाही याचं.

शेवटी यांनी सल्लागाराला बोलावलंच. पॅनेल बसवणाऱ्या एका कंपनीचा माणूस, फुकट घरी येऊन बघून सांगतो. मी मनात म्हटलं, येऊ दे. कधीतरी कागदावर सही होईल आणि या घराला आम्ही आणखी बांधले जाऊ, मग मी फ्लॅटचं नाव काढणं सोडून देईन. खरं सांगायचं तर मी हरले होते.

तो सकाळी आला. पन्नाशीचा असेल, शांत माणूस. दारातल्या चपला बघून त्याने न सांगता बूट काढले. आधी तळघरात जाऊन मीटर आणि फ्यूजची पेटी पाहिली, मग माळ्यावर जाऊन वासे पाहिले. हे त्याच्या मागे मागे, गुडघ्यांचं भान नाही. मी खाली जेवणाच्या टेबलाशी बसून ऐकत होते. आल्झो, तर मग, हे छप्पर म्हणजे आदर्श आहे, असं तो म्हणाला तेव्हा यांचा आवाज खुलला, पूर्वी नव्या गाडीची चाचणी झाल्यावर घरी येऊन बोलायचे तसा. मला इतकं बरं वाटलं आणि त्याच वेळी इतका राग आला, की काय सांगू.

मग दोघं खाली येऊन टेबलाशी बसले. मी चिवडा ठेवला होता. त्याने लॅपटॉप उघडला, विजेचं मागचं बिल मागितलं. यांनी सगळं फाइलमध्ये लावून तयार ठेवलेलं. तो बिल बघत होता, आकडे घालत होता आणि मध्येच थांबला.

"गेल्या वर्षी तुमचा वापर एकदम वाढलेला दिसतो," तो म्हणाला. "इलेक्ट्रिक गाडी घेतलीत? का घरात वाफेचा सॉना बसवलात?"

यांनी फाइलमधलं एक पान सरळ केलं. जिन्याखाली मशीन चालू होतं, रबर लावलं तरी ऐकू येतंच. त्याची नजर आवाजाकडे गेली, मग जमिनीवरून नळीबरोबर सरकत सरकत माझ्यापर्यंत आली. बिचारा लाल झाला. माफ करा म्हणाला. मी म्हटलं, काही नाही हो, चिवडा घ्या.

त्याने थोडा घेतला. चावून झाल्यावर लॅपटॉपकडे बघूनच म्हणाला, "मला हे विचारावंच लागतं, कारण सगळा हिशोब वापरावर असतो. छपरावर किती बसवायचं, परवडेल का, सगळं. हा वापर असाच राहणार आहे का?"

मी तोंड उघडणार होते. यांचं उत्तर मला पाठ होतं. हो, राहणार, वीस वर्षं राहणार, असंच म्हणणार हा माणूस, आणि त्या परक्याला खरं मलाच सांगावं लागणार. मी श्वास गोळा करत होते.

"नाइन," हे म्हणाले. नाही. "हा वापर राहणार नाही. एका माणसाचा हिशोब धरा."

जर्मनमध्ये म्हणाले. हळू नाही, मोठ्यानेही नाही, ब्रेक कुठल्या तापमानाला निकामी होतो ते सांगावं तसं. माझ्याकडे पाहिलं नाही. हात बिलाच्या फाइलवर होता, तो तिथेच राहिला.

तो माणूस अनुभवी असणार. त्याने मान हलवली आणि आकडा बदलला. मग म्हणाला, एका माणसासाठी एवढं छप्पर लागत नाही. दिवसाची वीज कुणी वापरणारच नसेल तर ती कवडीमोलाने बाहेर द्यावी लागते, मग पैसे वसूल व्हायला फार वर्षं जातात. "प्रामाणिकपणे सांगतो, या वयात नाही परवडणार."

"मला वाटलंच होतं," हे म्हणाले.

आणि मला काय झालं कोण जाणे. ज्या एका वाक्यासाठी मी एवढे महिने या माणसाच्या मागे लागले होते, ते वाक्य माझ्याच टेबलाशी, माझ्यादेखत बोललं गेलं, आणि मला ते नको झालं. "त्स्वाय," मी म्हणाले. दोन. "दोन माणसं धरा. आम्ही दोघं आहोत." तो माझ्याकडे बघायला लागला, मग यांच्याकडे. मी पुन्हा म्हटलं, दोन धरा ना, आणि त्या "ना"वर माझा श्वास संपला. खोकला थांबेना. हे उठले, पाणी आणलं, मशीनवरचा काटा थोडा वर केला, माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. तो माणूस लॅपटॉप मिटून बसला होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, मी दोन्ही हिशोब करून पाठवतो, तुम्ही सावकाश ठरवा. यांनी त्याला दारापर्यंत पोचवलं. बूट घालताना तो यांना काहीतरी म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही.

परत आल्यावर हे माझ्या समोर नाही, शेजारच्या खुर्चीवर बसले. मी म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं सगळं."

"मी होतो ना तिथे, दवाखान्यात."

"मग मला वेड्यासारखी का बडबडू दिलीत? फ्लॅट बघा, फ्लॅट बघा म्हणून?"

यांनी बिलाची फाइल मिटून बाजूला ठेवली.

"आणि परवडणार नाही हेही ठाऊक होतं, तर त्या माणसाला बोलावलंत कशाला?"

यांनी टेबलावरचे चिवड्याचे दाणे बोटाने एका जागी गोळा केले. मला वाटलं आता वास्तू येणार मध्ये. आली नाही.

"तू असेपर्यंत काहीतरी ठरवत राहायचं होतं," मराठीत म्हणाले. "फ्लॅटचं ठरवायला बसलो की ते तुझ्यानंतरचं. पॅनेलचं ठरवायला बसलो की त्यात तू होतीस."

मला राग धरून ठेवायचा होता. सगळे महिने तोच तर धरून चालले होते. तो गेला आणि त्याच्या जागी काही आलं नाही. यांचा हात मी धरला, बोटांना चिवड्याचं तेल लागलं होतं. मला हा माणूस कसा सोडून जायचा ते कळत नव्हतं, आणि सोडून तर जायचं आहेच, त्यात माझं काही चालणार नाही. आजवर मी त्यांना काय करा ते सांगत आले होते. विचारायची हिंमत तेव्हा झाली.

"मी गेल्यावर कुठे राहाल हो?"

त्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, म्हणतील, इथेच, किंवा म्हणतील, बरं, न्युरेम्बर्गला. काहीही चाललं असतं मला.

"मला नाही माहीत गं," म्हणाले. "मला कुठेच नाही राहायचं."